फोडलेली गोळी

लातूरच्या माझ्या गोदामात किल्लारीची एक बाई चिंच फोडून चिंचोके काढायची. भूकंपात तिचा पाय चिरडला होता. दुखण्यावरची गोळीही ती त्याच दगडाने फोडून गिळायची आणि मग घेरी येऊन भिंत धरायची.

असली गोळी पोटात दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून तिच्यात चिंचोक्याचंच प्रक्रिया केलेलं पीठ घालतात; फोडली की दिवसभराचं औषध एकदमच अंगात उतरतं. चिंचोके विकताना कारखानदाराच्या तोंडून मी हे काढून घेतलं होतं.

"मावशी, फोडू नका ती!" मी ओरडलो.

"चिंच फोडल्याबिगर चिंचोका निघतो व्हय, मालक?"

क्लासच्या पोरांनी गजबजलेल्या चौकातल्या औषधवाल्याने तिला ती गोळी दिली होती; त्याला मी जाऊन झापलं.

"फोडू नये असं पाकिटावर लिहिलंय की," तो म्हणाला.

इंग्रजीत! त्या बाईला मराठीत एवढंच सांगायला कुणाची जीभ झिजणार होती?