नोव्हेंबरची द्राक्षं

हीथ्रोहून कोचने बर्मिंगहॅमला पोचले तेव्हा पाऊस भुरभुरत होता आणि माझी छत्री नाशिकला राहिली होती. स्टॉपवर मंदामावशी स्वतः उभी. वय एक्याऐंशी, पाठ ताठ. "बसची वाट बघण्यापेक्षा चालत जाऊ," म्हणाली आणि माझी बॅग ओढत निघालीसुद्धा.

घरामागे छोटंसं काचघर. आत काकांनी लावलेला द्राक्षाचा वेल. काका इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते. वेल लावला आणि त्याच हिवाळ्यात गेले. चार वर्षं नुसती पानं आली. यंदा पहिल्यांदाच दोन घड धरले होते, काळेभोर, टपोरे, वर पांढुरकी भुकटी.

"लेट व्हरायटी आहे," मावशी म्हणाली. "काका म्हणायचे, नोव्हेंबरपर्यंत टच करायचं नाही. त्यांच्या हातचं एकदा टेस्ट केलं, की मी मोकळी."

मी मान हलवली, पण मनात हसले. आम्ही नाशिकचे, द्राक्षं आम्हाला कोण शिकवणार? या गारठ्यात नोव्हेंबरपर्यंत घड सडतील, हे मी ठरवूनच टाकलं.

चार दिवस कालव्याकाठी भटकले, टोस्टवरच्या बेक्ड बीन्ससोबत मावशीचा ठेचा खाल्ला. निघायच्या दिवशी सकाळी ती दूध आणायला गेली. तिला सरप्राइज द्यावं म्हणून मी दोन्ही घड कापले, धुतले आणि काचेच्या बाउलमध्ये मांडले.

ती आली आणि कोट न काढताच खुर्चीवर बसली. मग एक मणी तोंडात टाकला. मीही टाकला. जाड साल, मोठ्या बिया आणि दात आंबवणारा आंबटपणा.

"याला रंग आधी येतो गं," ती म्हणाली. "गोडी मागून, पानं पिवळी पडल्यावर. स्किन जाड असते ना, थंडीतही वेलावर टिकतात."

"तांदळाच्या डब्यात ठेवू या?" नाशिकची असून मी हे विचारलं.

"आंबे आहेत का ते? तोडली की संपलं."

मावशीनं मात्र एक अख्खा घड मणी मणी करून संपवला. माझ्यासाठी की काकांसाठी, हे विचारायची हिंमत झाली नाही. कोचमध्ये मला स्वतःची फार लाज वाटली.

नोव्हेंबरात नाशिकहून फोन केला. वेलाचं विचारलं.

"पानं गळली. पुढच्या वर्षी ये," मावशी म्हणाली. "कात्री तेवढी मी लपवून ठेवते."

ती हसली. मला हसता आलं नाही. पुढच्या नोव्हेंबरात ती ब्याऐंशी वर्षांची असेल.