विहिरीत कोणी हाय का?

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आलोय. अमावस्येला तिठ्यावरचा उतारा ओलांडून जाणारा माणूस मी... त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण लिहितो.

राहणार उंद्री, तालुका चिखली. काम घरूनच करतो. कंपन्या सॉफ्टवेअरची टूल्स बनवतात आणि ती कशी वापरायची याची माहिती लिहून घेतात. हल्ली ती माहिती माणसांपेक्षा एआय एजंटच, म्हणजे सांगितलेलं काम टूल वापरून स्वतःच करणारे प्रोग्राम, जास्त वाचतात. मी एजंटला फक्त ती माहिती देतो, एक काम सांगतो आणि बघत बसतो. तो जिथे अडखळला, तिथे लिहिणाऱ्याचे मार्क कापतो. कापायला मजा यायची, खोटं कशाला बोलू!

मागच्या उन्हाळ्यात शेतातली मोटार फोनवरून चालू-बंद करणारं एक टूल आलं. माहिती लिहिली होती धाडच्या वंदनाताईंनी. त्यात एक वाक्य होतं — मोटार सुरू करण्याआधी विहिरीत कोणी उतरलं आहे का ते विचारा, उत्तर येईपर्यंत थांबा. मी ते खोडलं. 'अनावश्यक. एजंट विनाकारण थांबतो.' दहापैकी तीन.

ताईंचा फोन आला. "दादा, आपल्याकडे मोटार चालू कराच्या आधी विहिरीत हाक मारतेत नं. माह्या भावाच्या टायमाले कोणी मारली नाही. तेवढं राहू द्या."

"एजंटले तोंड हाय का ताई, हाक माराले?" मी म्हणालो. वर हसलोसुद्धा.

त्या तीन मार्कांवर त्यांचं काम सुटलं. मला काहीच वाटलं नाही.

मग ते वाक्य काढलेली माहिती घेऊन मी चाचणी लावली. मोटारीला बसवायचं यंत्र टेबलावर, मोटार जोडलेलीच नाही. एजंटला सांगितलं, मोटार चालू कर. तो थांबला. स्क्रीनवर आलं — 'विहिरीत कोणी हाय का?'

मी माहिती वरपासून खालपर्यंत चाळली. विहीर हा शब्दच कुठे नव्हता. नवा एजंट घेतला, सगळं कोरं करून पुन्हा दिलं... पुन्हा तेच! भीती वाटली नाही, राग आला. ताईंनी कुठेतरी काहीतरी दडवून ठेवलंय, असंच धरून चाललो. दर वेळी टाइप करायचो — 'कोणी नाही, चालू कर.' मग चालू व्हायचं. पंधरा-वीस वेळा झालं असेल. बोटांना सवय लागली.

शेवटची चाचणी खऱ्या मोटारीवर करायची होती. यंत्र आमच्याच विहिरीवर बसवलं. दुपारी बाराला लाईट आली. मी घरात, पंख्याखाली. एजंटला काम सांगितलं. त्याने विचारलं, 'विहिरीत कोणी हाय का?'

'कोणी नाही, चालू कर.'

दोन मिनिटांत आईचा फोन. "मोटार काऊन चालू केली रे? तुहे बाबा खाली हायेत!"

पाणी खाली गेलं म्हणून बाबा मोटार आणखी खाली सोडायला उतरले होते. स्टार्टर त्यांनी बंद केला होता. मोटार आता फोनवरूनही चालू होते, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. केबल एका जागी सोललेली होती. आई काठावर दोर धरून उभी होती, तिच्यासमोर झालं सगळं.

कंपनीने नंतर सगळ्या चाचण्यांची नोंद काढून पाठवली. मी ती किती वेळा वाचली असेन... एजंटचा प्रश्न त्यात एकदाही नाही. एकदाही! फक्त माझं उत्तर आहे, ओळीखाली ओळ — कोणी नाही, चालू कर. कोणी नाही, चालू कर. एजंट कुठेही न थांबता काम करतो म्हणून कंपनीने त्या माहितीला दहापैकी दहा दिले. मला भास झाला म्हणावं, तर न विचारलेल्या प्रश्नाला मी दर वेळी उत्तर का देत होतो? याचा उलगडा मला आजही झालेला नाही. कोणाला होत असेल तर सांगा.

तेराव्याला वंदनाताई आल्या होत्या. मी त्यांना त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं. आईजवळ बराच वेळ बसल्या. निघताना माझ्याकडे आल्या.

"हाक मारली होती का दादा, कोणी?"

"मारली होती," मी म्हणालो. "मीच कोणी नाही म्हणालो."