महारुद्रचा बायोडाटा

ईट गावच्या बसस्टँडसमोर दैवशालाचं ऑनलाइनचं दुकान आहे. गेल्या वर्षभरात तिथं महारुद्रनं जेवढे कागद काढले तेवढे गावात दुसऱ्या कुणी काढले नसतील. त्यानं पीक विमा भरला, आधारला मोबाइल जोडला, पॅनला आधार जोडलं, आईच्या रेशन कार्डावरचं नाव दुरुस्त करून घेतलं. शेतात चांगली पाण्याची विहीर असताना विहिरीच्या योजनेची चौकशीसुद्धा केली.

खरं काम एकच होतं. त्याला दैवशालाला सांगायचं होतं, तू मला आवडतेस.

दोघं पाचवीपासून दहावीपर्यंत एका वर्गात होते. पण वर्गातली ओळख म्हणजे काय? नाव माहीत, वाडी माहीत, हजेरी नंबर माहीत. सहा वर्षांत दोघं चारदा बोलले असतील, त्यात दोनदा तिनं वही जमा कर म्हणून सांगितलं होतं. पुढं तिचं लग्न बार्शीकडे झालं. चार वर्षांत फारकत झाली आणि ती माहेरी आली. भावाच्या घरात बसून राहण्यापेक्षा तिनं हे दुकान टाकलं. महारुद्र तेहतिशीला आलेला, खव्याची भट्टी लावणारा. भट्टीवाल्याला पोरगी द्यायला कुणी तयार नव्हतं, आणि आता त्यालाही दुसरी कुणी नको होती. तेवढ्याशा ओळखीवर पुढचं सगळं उभं करायचं, तर करायचं कसं?

कागद संपले तेव्हा त्याला बायोडाटा सुचला. दैवशाला लग्नाचे बायोडाटे करून द्यायची. एकेक रकाना मोठ्यानं विचारायची आणि टाइप करायची, हे त्यानं बाकावर बसून कितीदा तरी पाहिलं होतं. शेवटी ती 'अपेक्षा' विचारणार. तेव्हा आपण सांगून टाकायचं. घरी त्यानं तालीमही केली, कढईसमोर.

गेला तेव्हा बाकावर हयातीच्या दाखल्यासाठी गोरोबा आबा बसलेले. सर्व्हर बंद होता, त्यामुळे आबांना दुसरं काम नव्हतं.

"उंची?" दैवशालानं विचारलं.

"पाच सहा."

"पाच चार लिही," आबा म्हणाले. "चपला काढ म्हणावं त्याला."

"शिक्षण बारावी. व्यवसाय शेती आणि खवा. शेती किती?"

"चार एकर."

"बरं. अपेक्षा?"

महारुद्रनं कढईसमोरची तालीम आठवली. "अपेक्षा म्हणजे… तसं बघायला गेलं तर…"

"बोल की लेका," आबा म्हणाले. "त्याला कसली आलीय अपेक्षा! लिही पोरी, मुलगी असावी."

दुकानातले सगळे हसले. दैवशालाही हसली, पण बोटं तशीच बटणांवर ठेवून थांबली. महारुद्र म्हणाला, "शिकलेली. समजूतदार."

"आणिक?"

"बास."

तिनं कागद छापून त्याच्या हातात दिला. "फोटो पाठव. माझ्याकडं सात ग्रुप हायेत वधू-वरांचे. वर्गातला हायेस, तुझं काम मनावर घेते."

आणि तिनं खरंच मनावर घेतलं. आठवड्यातून एकदा तिचा फोन यायचा, "महारुद्र, ये, एक स्थळ हाय." फोनवर तिचं नाव बघून त्याचा जीव वर यायचा, पुढचं ऐकून खाली जायचा. एक मुलगी त्याला उंच वाटली. एकीचं गाव लांब पडलं. एकीत काही खोट सापडेना तेव्हा तो म्हणाला, "तिचा मामा मला बरा वाटला न्हाय."

"मामाशी लग्न करायचंय का तुला?" दैवशाला चिडली. "लोक मला विचारतेत, पोरगा खरंच लग्नाचा हाय का. काय सांगू?"

घरी येऊन तो भट्टीवर राग काढायचा. दोनदा खवा करपला. आई कमलबाई म्हणाल्या, "दुधानं काय तुझं घोडं मारलंय का रं?"

असे सहा महिने गेले. मग अणदूरचे गुरुलिंग पाटील रविवारी मुलगी घेऊन घर बघायला येतो म्हणाले, आणि दैवशालानं परस्पर हो सांगून टाकलं. कमलबाईंनी घर सारवलं, नवीन कपबशा आणल्या. शुक्रवारी दुपारी महारुद्र दुकानात गेला. आत कुणी नव्हतं. उभ्यानंच म्हणाला, "मला ते स्थळ नको. मला तू पायजेस. बायोडाटा म्या तुझ्याशी बोलायला केला होता."

दैवशालानं चष्मा काढून ठेवला.

"सहा महिने?" ती म्हणाली. "सहा महिने मी तुझ्यासाठी पोरी हुडकत बसले. त्या पोरींच्या बापांशी गोड बोलले. तुझ्यापायी खोटी पडले मी."

"सांगायचं होतं, पण…"

"गुरुलिंग पाटलांना फोन लाव. आत्ता. इथंच."

त्यानं लावला. पलीकडून पाटील जे बोलले ते फोन कानाला लावलेला असूनही दैवशालाला ऐकू येत होतं. गाडी ठरवली होती, पोरीला नवी साडी घेतली होती, तुमच्या गावात माणसं राहतात का जनावरं? महारुद्र चुकलं, माझंच चुकलं, एवढंच म्हणत राहिला. फोन ठेवला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. त्याला वाटलं, आता तरी तिचा राग उतरेल.

"झालं?" तो म्हणाला.

"काय झालं? त्या पोरीचं काय झालं ते तिच्या आईला विचार." ती त्याच्याकडं वळली. "आणि माझं काय? वर्षभर येतोयस. माझी फारकत कशापायी झाली, विचारलंस कधी? मला परत लग्न करायचंय का न्हाय, हे तरी?"

 वर्षभरात महारुद्रनं आपलंच सांगायचं ठरवलं होतं, तेही जमलं नव्हतं. तिला काही विचारायचं असतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"करायचंय का?" त्यानं विचारलं.

"ठावं न्हाय," दैवशाला म्हणाली. "खरंच ठावं न्हाय. आणि आज तुझ्यावर लई राग हाय, आज विचारू नको."

"मग कधी?"

"ते पण विचारू नको."

दारात दोन बाया सातबाऱ्यासाठी येऊन उभ्या राहिल्या. तिनं चष्मा घातला आणि त्यांना आत बोलावलं. महारुद्र बाजूला सरकला. घरी आईला कपबशांचं काय सांगायचं ते त्याला सुचत नव्हतं, आणि इथं थांबायला हातात एकही कागद नव्हता. तरी तो बाकाच्या टोकाला बसला. दैवशालानं एकदा वर पाहिलं. जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही.