जोडपत्रातील गंधार

माझे शालेय शिक्षण आठवीत थांबले. तथापि तळोद्याच्या तहसीलसमोरील माझ्या टेबलावरून गेलेला एकही अर्ज भाषेच्या दोषामुळे परत आल्याचे मला स्मरत नाही. मोलगीकडून जीपने उतरलेला मनुष्य आपल्या बोलीत अर्धा तास बोलतो. मी त्याचे तीन परिच्छेद करतो. वस्तुस्थिती, अडचण, विनंती. लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने वाचून दाखवतो आणि अर्जदाराने मान डोलावल्याखेरीज अंगठा घेत नाही. हा माझा शिरस्ता आहे.

त्यामुळे कन्येला पुण्याच्या एका संगीतशाळेत प्रवेशासाठी लेखी विवेचन द्यायचे आहे, असे कळताच ते काम मी स्वतःकडे घेतले. तिने तसे सांगितले नव्हते. एक जुनी अमेरिकन जॅझची चाल वाजवून पाठवायची आणि तीतील कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी दाबलेले स्वर, कोणते कार्य करतात हे दोन पानांत मराठीत लिहायचे, अशी अट होती. कीबोर्ड तिने लग्नात वाजवणाऱ्या एका बँजो पार्टीकडून जुना घेतला होता. शिक्षण सगळे मोबाइलवर. पुढील वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. संधी ही एकच होती.

ती सांगत गेली, मी टिपणे घेतली. सा वरची कॉर्ड म्हणजे घर. प वरची कॉर्ड मनाला चैन पडू देत नाही, घराकडे ढकलते. रे वरची त्या प पर्यंत आणून सोडते. मला यात फारसे नवीन वाटले नाही. मग तिने सांगितले की कॉर्डच्या मूळ तीन स्वरांवर आणखी स्वर चढवतात. पहिल्या स्वरापासून मोजत सातवा, नववा, तेरावा. हे वाढीव स्वर मी मुख्य मजकुरातून काढून शेवटी ‘जोडपत्र अ’मध्ये क्रमवार मांडले. साहेब मुख्य मजकूर वाचतात. जोडपत्र वेळ असल्यास चाळतात, हा माझा अनुभव.

‘उपरोक्त विषयास अनुसरून’ ही सुरुवात ऐकून सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारले, “वाजाडनं सांगी ऱ्हायनात का जमीन मांगी ऱ्हायनात?” ही थट्टा कानाआड करून मी पुढचा परिच्छेद घेतला.

रविवारी दुपारी शिरस्त्याप्रमाणे मी मसुदा वाचू लागलो. कन्या कीबोर्डपुढे बसली आणि मी वाचेन तेवढेच वाजवू लागली. रे म ध. प नी रे. सा ग प. प्रत्येक कॉर्ड बरोबर होती. तरीही चाल दाखल्यासाठी खिडकीखिडकीने फिरणाऱ्या माणसासारखी थांबत थांबत चालली होती.

ती म्हणाली, “आप्पा, हाऊ कागद मन्हा नही, तुमना शे.”

मला ते लागले. जोडपत्रे शेवटीच असतात, असे मी काहीशा कठोर स्वरात सांगितले. तिने वाद घातला नाही. अर्जदाराचा अंगठा मी जसा धरतो तसे तिने माझे बोट धरले, वरच्या ग वर टेकवले आणि ते उचलू नका म्हणाली. खाली तिने रे ची कॉर्ड दाबली. रे पासून मोजल्यास तो ग नववा. दुरून आल्यासारखा वाटला. मग प ची कॉर्ड आली. आता तोच ग तेरावा, आणि तो टोचू लागला. शेवटी सा ची कॉर्ड आली आणि तो ग घरचा झाला. सा पासून तो तिसराच.

माझे बोट हललेही नव्हते.

ज्याला मी जोडपत्रात टाकले होते, तोच तिन्ही परिच्छेदांतून चालत आला होता. त्या क्षणी मला मणिबेलीकडील एक आजी आठवली. धरणात बुडालेल्या जमिनीच्या अर्जात तिने आपले मोहाचे झाड तीनदा सांगितले होते. मागणीशी संबंध नाही म्हणून मी ते कोठेच घेतले नाही. वाचून दाखवल्यावर तिने मान डोलावली, पण बऱ्याच वेळाने. मला वाटले होते, तिला ऐकू कमी येते.

मी कोरा कागद घेतला आणि कन्येला म्हणालो, “आते तू सांग, मी फक्त लिखस.” त्या ग पासूनच तिने आरंभ केला. भाषा माझ्या मताने साधी होती. दोन ठिकाणी लेखणी अडखळली, पण शब्द बदलले नाहीत. वाचून दाखवताना तिने दुसऱ्याच वाक्याला मान डोलावली. अखेरीस ‘लिहिणार’ म्हणून मी सही करतो, ती ओळ मी घातली नाही.

महिन्याभराने प्रवेशाचे पत्र आले. त्याआधीच्या मुलाखतीत प्रथम त्या ग बद्दलच विचारले होते, असे तिने घरी सांगितले. ते पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवले. मान डोलवायला तिला मुळीच वेळ लागला नाही.