नुकामी स्टेशनवरची शिगेनो

नुकामी स्टेशनचा शेवटचा स्टेशनमास्तर होसाका १९७० साली बदली होऊन गेला आणि रेल्वेने त्याच्या जागी कुणालाच पाठवलं नाही. दिवसाला जाऊन-येऊन आठ गाड्या, एकच फलाट, भाताच्या खाचरांपलीकडे चाळीसेक घरं. तिकिटं गावातल्याच कुणीतरी विकावीत, असं ठरलं. जाता जाता होसाकाने शिगेनोचं नाव सुचवलं. तिचं टोफूचं दुकान स्टेशनसमोरच होतं आणि पहिली गाडी यायच्या आत तिचं सोयाबीन वाटून झालेलं असायचं.

"बाईमाणूस काय स्टेशन चालवणार?" सरपंच म्हणाला.

"चालवायला ड्रायव्हर आहे की गाडीत," शिगेनो म्हणाली. "मी नुसती तिकिटं देणार."

ती तेव्हा छत्तीस वर्षांची होती. त्याच वसंतात तिचा नवरा घरी आला नव्हता. तेइकिची हा तिच्या घरी आलेला घरजावई, दरीत तीन स्टेशनं वर असलेल्या ओताकी गावचा. टोफूच्या धंद्यात त्याचा जीव कधी रमला नाही. गावातल्या इतर पुरुषांसारखा तोही हिवाळाभर तोक्योला बांधकामावर जायचा आणि बर्फ वितळलं की परतायचा. त्या वर्षी बाकीचे परतले. त्याचं एक पत्र आलं, पुढच्या वर्षी एक कार्ड, मग तेही नाही. कावासाकीत तो कुणा बाईबरोबर दिसला, असं एकाने सांगितलं. शिगेनोने पुढे काही विचारलं नाही.

करार फक्त तिकिटांचा होता, तरी प्रत्येक गाडीला ती होसाकाची जुनी टोपी घालून फलाटावर उभी राहायची. एकदा तपासनीस आला.

"काकू, फलाटावर उभं राहायची तुम्हाला गरज नाही. आणि ही टोपी तर मुळीच घालायची नाही."

"डोक्याला गार लागतं हो साहेब."

"मग लोकरीची घाला!"

दुसऱ्या दिवसापासून ती लोकरीची टोपी घालून उभी राहू लागली.

अशी अकरा वर्षं गेली. त्या जानेवारीत सलग तीन दिवस बर्फ पडत होतं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ओताकीहून फोन आला. सासूबाई आदल्या रात्री गेल्या होत्या. म्हातारी दर वर्षी दोनदा गाडीने यायची, वाळवलेली फळं घेऊन, आणि मुलाबद्दल सुनेची माफी मागून परत जायची. शिगेनोने मयताला नेसायचा काळा किमोनो काढून ठेवला. पण दुपारची गाडी नुकामीत आली ती तिथेच अडकली. पुढच्या खिंडीत बर्फाचा कडा कोसळला होता. दोन डबे, एकतीस माणसं.

तिने प्रतीक्षागृहातली शेगडी पेटवली, मोठ्या पातेल्यात टोफू घालून मिसोचं सूप केलं आणि वाटप करत डब्यांतून निघाली. दुसऱ्या डब्याच्या कोपऱ्यात नाकापर्यंत मफलर गुंडाळून एक माणूस बसला होता. त्याचा डावा कान वरच्या बाजूला दुमडलेला होता. शिगेनोने तो कान ओळखला.

"ओताकीचं तिकीट?" वाडगा पुढे करत तिने विचारलं.

"हो." तो वर बघेना. "आई गेली. दादाने रात्रीच कळवलं."

"माहीत आहे. गरम आहे तोवर प्या."

शेजारच्या आजीबाईंनी मान वळवली. "ओळखीचे का गं?"

"पूर्वी इथून जायचे-यायचे," शिगेनो म्हणाली आणि पुढच्या बाकाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुषमंडळी फावडी घेऊन फलाट मोकळा करायला उतरली. तेइकिचीही उतरला. काम आटोपल्यावर तो दुकानाच्या दाराशी येऊन थांबला.

"आत येऊ?"

"दुकान आहे. कुणीही येतं."

तो आत आला, पण बसला नाही. "शिगेनो, मी तिकडे…"

"मुलं किती?"

"एक मुलगी. नऊ वर्षांची."

"नोंद कुणाच्या नावावर आहे तिची?"

"तिच्या आईच्या. बापाच्या जागी रेघ आहे." तो घुटमळला. "तू मोकळं केल्याशिवाय माझं नाव लागणार कसं? आणि तुला तोंड दाखवायची हिंमत नव्हती."

शिगेनोने सुरी धुतली, पुसून जागेवर ठेवली. त्याच्या बोलण्यातल्या त्या रेघेचाच तिला राग आला, त्याचा नाही. मग तिने कपाटातून घटस्फोटाचा कागद काढला. तिच्या बाजूचा मजकूर लिहून, सहीऐवजी नावाचा शिक्का मारून तयार होता.

तेइकिची बघतच राहिला. "हा कधीचा?"

"सात वर्षांचा. पाठवायला पत्ता नव्हता, आणि मी कुणाला विचारला नाही."

त्याच्याजवळ शिक्का नव्हता, अंगठा उठवला. दोन साक्षीदार लागत होते. एक गाडीचा गार्ड झाला, दुसऱ्या त्या आजीबाई.

"काय गं, काल म्हणालीस पूर्वी जायचे-यायचे!" सही करता करता त्या म्हणाल्या.

"खोटं कुठं होतं ते, आजी?"

तिसऱ्या दिवशी सकाळी बर्फ सारणारं इंजिन येऊन गेलं आणि रूळ मोकळे झाले. शिगेनोने किमोनो नेसला, तिकीटखिडकी बंद केली आणि त्याच गाडीत चढली. अकरा वर्षांत खिडकी पहिल्यांदाच बंद झाली होती. दोघं समोरासमोरच्या बाकांवर बसली. ओताकीत बर्फामुळे अंत्यविधी खोळंबला होता. तिने थोरल्या सुनेशेजारी बसून उदबत्ती लावली, सासूच्या थंड हातावर आपला हात ठेवला आणि मग मात्र ती रडली, सगळ्यांदेखत, नाक ओढत. तेइकिची मागे भिंतीशी बसला होता. त्यांच्यात काय ठरलंय हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीने ती एकटीच परतली. दुसऱ्या दिवशी कागद गावकचेरीत गेला. खिडकी का बंद ठेवली, असं तपासनीसाने लेखी विचारलं, तेव्हा तिने दोनच शब्द लिहिले: "घरात मयत." पुढे काही विचारणा झाली नाही.

"जाताना गाडीत काय वाटत होतं गं?" शेजारणीने एकदा विचारलं.

"सोयाबीन भिजत घातलं होतं. आंबेल की काय, असं," शिगेनो म्हणाली.

सहा वर्षांनी ती लाईनच बंद झाली. शेवटच्या दिवशी शहरातून कॅमेरे घेऊन खूप लोक आले, आणि त्यांना चहा देता देता ती थकून गेली. पुढच्या महिन्यात, त्रेपन्नाव्या वर्षी, तिने मोटार शिकायला घेतली. परीक्षेत दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा पास झाल्यावर तिने जुनी छोटी व्हॅन घेतली आणि दरीतल्या सात गावांत टोफू पोचवू लागली. ती गाडी फार हळू चालवते, अशी तक्रार रेल्वेऐवजी सुरू झालेल्या बसचा ड्रायव्हर स्वतः मरेपर्यंत करत होता.