दोन डाव्या बाह्या

आमच्या अल्लीपूरचा लहानू १९७४ साली हिंगणघाटला भैयाजी मास्तरांकडे शिलाई शिकायला राहिला. तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. आई मनकर्णाबाई विधवा, दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जाणारी. पोरानं गावात स्वतःचं दुकान टाकावं, एवढी एकच आस तिला होती.

मास्तरांनी त्याला काज-बटण शिकवलं, तुरपाई शिकवली, पुढे मशीनवरही बसवलं. कटिंग मात्र नाही. कापायला शिकलेला पोरगा उद्या समोरच दुकान टाकतो, ही त्यांची धास्ती. त्यांनी कापड पसरलं की लहानूला घरी पिटाळायचे, मास्तरीणबाईंचं पाणी भरायला, पोर सांभाळायला. परत येईपर्यंत कापलेले तुकडे गठ्ठ्यात बांधलेले असत. एकदा तो दाराआडून बघताना सापडला, तर लाकडी गजाने बोटं सुजेपर्यंत मारलं. त्याच बोटांनी त्याने संध्याकाळपर्यंत काजं केली. आईला काय सांगणार? ती गावभर सांगत होती, "माहा लहानू टेलर झाला."

सात वर्षांनी तिने जुनं मशीन घेतलं आणि त्याला घरी बोलावलं. पहिलं कापड मी दिलं. भारी टेरिकॉट, एका बाजूने चौकडा, दुसरी बाजू फिकी. नमुन्याला माझा जुना शर्ट घेतला. त्याची उजवी बाही फाटलेली, म्हणून लहानूने डावी उसवली आणि तीच दोनदा ठेवून कापली. दुसऱ्या वेळी तुकडा उलटवायचा असतो, हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. शिवायला बसला तेव्हा कळलं, दोन्ही बाह्या डाव्या; एक उलटवून लावावी तर फिकी बाजू वर येणार. उरलेल्या कापडात तिसरी निघत नव्हती.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण घामाने निथळत त्याने मास्तरांकडचं सगळं सांगितलं आणि माझा राग हिंगणघाटकडे वळला. आईला सांगू नका म्हणाला.

पण बिघडलेल्या बाह्या मनकर्णाबाईने पाहिल्याच, आणि सात वर्षांत पोरगा काय शिकला हे विचारायला दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन मास्तरांकडे निघाली. मीही गेलो. मास्तरांनी तिच्यासाठी चहा मागवला.

"शिकवून शिकवून थकलो, बाई," ते म्हणाले. "पोरगा गरीब हाये, पण डोक्यातच शिरत नाई त्याच्या. तरी ठेवून घेतला."

"तुम्ही त्याला कधी कापड कापताना पाहू तरी दिलं?" मी विचारलं.

"त्यालेच विचारा ना," मास्तर शांतपणे म्हणाले.

आम्ही लहानूकडे पाहिलं. मोठा बाप्या झाला होता, पण मास्तरांसमोर त्याची मान वर होईना. मनकर्णाबाईने मास्तरांना हात जोडले. त्या माणसाचं मला काहीच करता येईना.

परतीच्या एसटीत ती त्याला म्हणाली, "त्या भल्या मानसानं पोसलं तुले इतके वर्षं. तू काऊन नाई शिकला रे?"

"नाई जमलं, माय," लहानू म्हणाला.