डोळे मागणारी पोरं

मेडिकलची चार टाळकी जमली की किस्से सांगून संपत नाहीत. आमच्या अमरावती-अकोल्याच्या कंपूचे तर बरेचसे डोळ्यांचेच! साठच्या दशकात आम्ही नागपूरला शिकत होतो आणि नेत्रदान हा शब्द आमच्या भागात अगदी नवा होता.

*

एकदा सरांनी वर्गात विचारलं, "मेल्यावर डोळे कोण देणार?"

सगळ्या वर्गाचे हात वर!

"शाब्बास. आता वडलांचे कोण देणार?"

सगळे हात खाली. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, ते वडलांना विचारावं लागेल."

"मग सुटीत काय विटीदांडू खेळणार आहात?"

आपण काही मरत नाही, अशी त्या वयात खात्री असते. आमचा उदारपणा तिथूनच आलेला.

*

भास्करचं गाव अकोल्याजवळ. त्याचे वडील, आबा, कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले होते. भास्करनं तिथंच त्यांना गाठलं. "आबा, मेल्यावर तुमचे डोये देसान का?"

आबांनी त्याला नीट न्याहाळलं. "नेजो बापा! पण मी मरेपरेंत तरी थांबशीन ना?"

भास्कर दिवसभर त्यांच्यासमोर गेला नाही.

*

मधूचं अवघड होतं. राजापेठेतलं भिक्षुकाचं घर. निम्म्या अमरावतीचे अंत्यविधी त्याच्या वडलांनी, अण्णांनीच केलेले. मधूसोबत आम्हीही गेलो. अण्णांनी पानाला चुना लावत सगळं ऐकून घेतलं.

"शेवटच्या मंत्रात आम्ही म्हणतो, तुझा डोळा सूर्याकडे जावो," ते म्हणाले. "जाता जाता कोणाकडे मुक्काम केला, तर सूर्य काही गैरहजेरी लावून नाही राहिला!"

आतून मधूची आई, आमच्या काकू, म्हणाल्या, "आणि पुढच्या जन्मी आंधळे आलात म्हणजे?"

"तेव्हा तू हात धर."

काकू हसल्या नाहीत.

*

त्याच हिवाळ्यात अण्णा गेले. मधूनं शब्द पाळला, दवाखान्यातून डॉक्टर बोलावले. काकूंनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

डोळे बर्फाच्या थर्मासात घेऊन भास्कर नागपूरच्या एसटीत बसला. शेजारचा म्हातारा म्हणाला, "भाऊ, घोटभर चहा द्या ना!"

"मामा, यात आमच्या गुरुजीचे डोये हायेत. एका आंधया बाईले बसवाले नेऊन राहिलो."

म्हातारा ताडकन उठला. आता हा बस थांबवतो, असं भास्करला वाटलं.

"मंग इकडं खिडकीपाशी घे त्याइले," म्हातारा म्हणाला. "बाहेरचं पाहू दे!"

*

दहाव्याला कावळा शिवेना. मधू मुंडण करून पिंडासमोर बसलेला, ऊन चढलेलं. "वहिनींना आम्ही सांभाळू," असं मधूच्या काकांनी परोपरीनं सांगून पाहिलं. शेवटी भावकीतला एकजण बोललाच, "येणार कसा? डोळेच काढून दिले, पिंड दिसणार कशानं!"

मधूनं मान खाली घातली. मला त्या माणसाचा संताप आला आणि मधूकडे पाहवेना.

काकू हट्टानं घाटावर आल्या होत्या. भास्कर सकाळीच नागपूरहून पोचला होता. त्याला त्यांनी विचारलं, "त्या बाईची पट्टी सोडली का रे?"

"सोडली, काकू. लेकीचं तोंड दिसलं तिले."

काकू पिंडासमोर गेल्या. "ऐकलंत ना? तिला दिसतं. या आता."

कावळा उतरला.

काकू मधूकडे वळल्या. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच त्याच्याशी बोलल्या, "बघत काय राहिलास? ऊठ, अंघोळ कर."